अंगठा एकाचा, हात दुसऱ्याचा : नगर जिल्ह्याच्या दप्तराची दीडशे वर्षे

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या गावचा बाजाराचा दिवस. आसपासच्या खेड्यांतून जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण भीमा ओलांडून अहमदनगर जिल्ह्यात पोहोचले : श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत हे प्रकरण ‘दख्खनचे दंगे’ या नावाने दोन ओळींत आटोपते.

त्या दोन ओळींत एक गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. जमावाचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे, गहाणखते, दिवाणी न्यायालयाचे हुकूमनामे. सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तर बहुतेक गावांत त्याच्या अंगाला हात लागला नाही. जे काही जळाले त्यात कागदच अधिक होते.

रयत कागदावर का चिडली होती? कारण तो कागद तिला वाचता येत नव्हता. रोखा लिहिणारा सावकार किंवा त्याने बोलावलेला लेखक, भाषा कायद्याची, लिपी बहुधा मोडी, आणि खाली कर्जदाराची निशाणी. कुणब्याची निशाणी म्हणजे नांगर. कागदात काय लिहिले आहे ते नांगर काढणाऱ्याला ठाऊक नसे, आणि न्यायालय मात्र तो नांगरच प्रमाण मानीत असे.

या प्रसंगानंतर १४२ वर्षांनी याच जिल्ह्यातून आणखी एक शेतकरी आंदोलन उठले. राहाता तालुक्यातील, गोदावरीकाठचे पुणतांबे. ३ एप्रिल २०१७ रोजी तेथील ग्रामसभेने संपाचा ठराव केला आणि १ जूनपासून शहरांकडे जाणारे दूध व भाजीपाला रोखण्यात आला. २४ जूनला राज्य शासनाने कर्जमाफी जाहीर केली. या वेळी कागद जाळण्याचा प्रश्नच नव्हता. अर्ज ऑनलाइन भरावयाचा होता.

आणि पुन्हा तेच घडले. अंगठा शेतकऱ्याचा, लिहिणारा हात दुसऱ्याचा.

शासनाचे व्यवहार ऑनलाइन नेताना नेमके काय अडते, आणि मतदान ऑनलाइन नेण्याची चर्चा इतकी वर्षे होऊनही ते अजून केंद्राच्या भिंतीआडच का होते, या प्रश्नांची उत्तरे सहसा तंत्रज्ञानात शोधली जातात. नगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) दप्तराचा इतिहास पाहिला तर निराळे उत्तर हाती लागते. धागा लांब आहे, सावकाश वाचावा.

आधी दप्तर म्हणजे काय ते पाहू. पेशवाईत गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे, कापडी रुमालात बांधलेले. पाटील गावचा धनी खरा. पण कोणाचे शेत कुठवर, कोणाकडे किती बाकी, हे कुलकर्ण्याच्या मोडीत. वतन वंशपरंपरेचे, म्हणून दप्तरही वंशपरंपरेचे. कुलकर्णी रुसला तर गावचा हिशेबच अडून बसे. या व्यवस्थेत अन्याय भरपूर होता, परंतु दप्तर ठेवणारा माणूस गावातच राहत होता आणि त्याला चावडीवर बोलावून सर्वांसमक्ष विचारता येत होते.

१८१८ नंतर इंग्रजांनी हे ज्ञान गावाच्या हातून काढून सरकारच्या हाती आणण्याचा उद्योग आरंभला. पहिला मोठा प्रयत्न रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याचा, १८२० च्या दशकाच्या अखेरीस. इंग्लंडमधील अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून शिकलेला खंडाचा सिद्धांत त्याने दख्खनच्या काळ्या मातीवर लावला : शेताचे निव्वळ उत्पन्न काढा, त्याचा ठरावीक भाग सारा म्हणून घ्या. हिशेब कागदावर देखणा होता. मोजणी मात्र चुकीची झाली, कारकुनांनी पैसे खाऊन आकडे फिरवले, सारा डोईजड झाला आणि शेते ओस पडली. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नव्याने सुरुवात केली. त्यांची पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. त्यांचे मोठेपण साधेपणात आहे. शेत हे एकक. त्याला क्रमांक, बांधावर खुणेचे दगड, जमिनीची प्रतवारी, आणि तीस वर्षांसाठी ठरलेला आकार. शेतकऱ्याला स्वतःचे बांध दिसत होते, म्हणून नोंद खरी की खोटी हे तो निदान डोळ्यांनी ताडून पाहू शकत होता.

शेत हे एकक. एवढी गोष्ट लक्षात असू द्या. २०१७ मध्ये ती पुन्हा आडवी येणार आहे.

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो आरंभी चारच जिल्ह्यांना लागू होता : पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर. त्यात एक तरतूद अशी की शेतकऱ्याने करून दिलेला दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर झाल्याखेरीज ग्राह्य धरला जाणार नाही. निबंधकाने तो स्वतः लिहावा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावा, पक्षकारांना वाचून दाखवावा, मग निशाणी घ्यावी. सावकाराने कुळाला हिशेब द्यावा, पावती द्यावी.

आजच्या भाषेत सांगायचे तर ही एक शासकीय सेवा होती. सावकाराच्या लेखणीऐवजी सरकारची लेखणी. आणि तिच्याबाबतीत जे घडले तेच पुढे प्रत्येक नव्या व्यवस्थेत थोड्याफार फरकाने घडत आले. सावकारांनी रोखे लिहिणे कमी करून थेट खरेदीखते करून घ्यायला सुरुवात केली. कागदावर विक्री, जमीन परत देण्याचे वचन मात्र तोंडी. निबंधक खरेदीखत नीट वाचून दाखवी, रयत मान डोलावी. कागद निर्दोष असे, आणि खरा व्यवहार त्या कागदाबाहेरच राही. व्यवस्थेने लिहिणारा बदलला होता. वाचता न येणाऱ्याची अडचण तशीच होती.

याच काळाच्या आगेमागे अंगठ्याचा इतिहासही सुरू होतो. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. हेतू एवढाच की पुढे त्याने करार नाकारू नये. ठसा हा आरंभापासूनच राज्यसंस्थेच्या सोयीसाठी होता. ठसा देणाऱ्याला कागद समजला की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आजच्या बायोमेट्रिक यंत्राबद्दल बोलताना हा मुद्दा सहसा कोणी काढत नाही.

स्वातंत्र्यानंतर कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, महसुली पाटील १९६२ च्या कायद्याने गेले. दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने गावच्या नोंदींची घडी पक्की केली : गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरचे हक्क, बारा म्हणजे पिके, आठ-अ म्हणजे खाते, सहा म्हणजे फेरफार. सात आणि बारा एका कागदावर आले म्हणून ‘सातबारा’. मराठी शेतकऱ्याच्या आयुष्यात जन्मदाखल्याहून महत्त्वाचा कागद.

या संहितेत तीन गोष्टी शहाणपणाच्या आहेत. नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. फेरफार पक्का होण्याआधी त्याची प्रत चावडीत लावावी लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी मुदत मिळते. मग मंडळ अधिकारी निर्णय देतो. आणि लेखनातली चूक पुढे कधीही दुरुस्त करता येते. थोडक्यात, सातबारा चुकू शकतो हे कायद्याने गृहीत धरले आहे. नोंदीला नाव चिकटलेले आहे, म्हणून चूक कोणाची झाली ते शोधता येते आणि ती मागे फिरवता येते. मतदानाकडे वळताना याच मुद्द्यावर सारा फरक पडणार आहे.

सातबारा संगणकात घालणे हे काम बाहेरून वाटते तितके टंकलेखनाचे नव्हते. हस्तलिखित उताऱ्यावर अनेक पिढ्यांचे थर असतात. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी थोरल्या भावाच्या नावापुढची नोंद. धाकट्यांची नावे कुठेच नाहीत. आण्या-पैत लिहिलेले हिस्से. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन आलेले गट नंबर. तलाठ्याने पेन्सिलीने समासात लिहून ठेवलेला, कधीच मंजूर न झालेला वाटप. माणसाचे डोळे हे सारे समजून घेत. संगणकाला मात्र खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी तंतोतंत जुळायला हवी होती, आणि असंख्य उताऱ्यांत ती जुळत नव्हती.

२०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचनाची मोहीम काढावी लागली ती यासाठीच. संगणकातला उतारा छापायचा, गावात दवंडी द्यायची, चावडीवर मोठ्याने वाचायचा, हरकती लिहून घ्यायच्या, आणि मग पुन्हा संगणकात दुरुस्त करायचा. सर्वांत आधुनिक व्यवस्थेला खरेपणासाठी सर्वांत जुन्या रीतीकडे यावे लागले. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपये भरा, उतारा घ्या. तलाठ्याच्या सहीची वाट पाहणे नको. हे यश खरे आहे आणि ते कमी लेखू नये. ज्याने एका उताऱ्यासाठी सजाच्या गावी तीन हेलपाटे घातले आहेत त्याला त्याची किंमत विचारावी.

आता पुणतांब्याकडे परत येऊ.

२०१७ ची कर्जमाफी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना या नावाने आली. मर्यादा दीड लाख रुपये, आणि ती कुटुंबामागे. पूर्वीच्या माफीत बँकांनी परस्पर फायदा उपटला अशा तक्रारी होत्या, म्हणून या वेळी शेतकऱ्याने स्वतः ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्ज भरावा असे ठरले. हेतू १८७९ सारखाच : मधला हात काढून टाकायचा. प्रत्यक्षात पती-पत्नीने जोडीने सेवा केंद्रावर जायचे, दोघांचा आधार क्रमांक द्यायचा, मोबाइल आधारशी जोडलेला असेल तर ओटीपी, नसेल तर यंत्रावर अंगठा. पाऊसकाळाचे दिवस, सर्व्हर दिवसा मंद, म्हणून रात्री उशिरापर्यंत केंद्राबाहेर रांगा. अर्ज विनामूल्य होता, तरी पैसे घेतले जात असल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. मुदत १५ सप्टेंबरवरून २२ सप्टेंबरवर गेली. पन्नास लाखांहून अधिक अर्ज जमा झाले.

अर्ज भरणारा होता केंद्रचालक. बहुतेक वेळा गावातलाच, धडपड्या, शिकलेला तरुण. त्याला सावकाराच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. परंतु पडद्यावर काय लिहिले गेले हे समोरच्या शेतकऱ्याला कळत नव्हते. ग्रामनिबंधकावर निदान वाचून दाखवण्याचे कायदेशीर बंधन तरी होते.

१८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, कर्जमाफीची पहिली प्रमाणपत्रे वाटली गेली. पाठोपाठ लाभार्थ्यांच्या यादीतील घोळ बाहेर आले. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे, रकमांत विसंगती. यादी संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली आणि पैसे खात्यांत पोहोचायला पुढे बराच काळ लागला. वर्तमानपत्रांनी याला ‘तांत्रिक बिघाड’ म्हटले. हे वर्णन अपुरे आहे.

खरा घोळ यंत्रात नव्हता. चार वह्या चार निरनिराळ्या गोष्टी मोजत होत्या. महसूल खाते विंगेटच्या काळापासून शेत मोजते. बँक कर्जखाते मोजते. आधार व्यक्ती मोजते. आणि योजनेला हवे होते कुटुंब, जे यांपैकी कोणत्याच वहीत नाही. त्यात नावांचा गुंता. सातबाऱ्यावर ‘रखमाबाई’, बँकेत ‘रुक्मिणी’, आधारवर आणखी तिसरेच. लग्नानंतर बदललेले नाव एका कागदावर आले, दुसऱ्यावर नाही. (१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधी देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार यादीबाहेर राहिली, कारण त्यांनी ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले होते. ती बहुतांशी उत्तरेकडील राज्यांतली गोष्ट. दुखणे मात्र हेच.) गावातला तलाठी आणि सोसायटीचा सचिव हा गुंता तोंडी सोडवत आले होते. सर्व्हरला रखमाबाई आणि रुक्मिणी या दोन बायका दिसतात.

चुकीतून शासन काहीच शिकले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्जच ठेवला नव्हता. बँकांकडील माहितीवरून याद्या झाल्या, २४ फेब्रुवारी २०२० पासून त्या गावोगाव लावल्या गेल्या, आणि शेतकऱ्याने फक्त आपले नाव व रक्कम पाहून आधारने दुजोरा द्यायचा होता. रक्कम मान्य नसेल तर हरकत. म्हणजे पुन्हा भिंतीवरची यादी आणि तिच्यासमोर उभा माणूस.

अंगठ्यालाही आपल्या मर्यादा आहेत. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून हजारो कुटुंबे दर हंगामात ऊसतोडीला जातात. कोयता धरणाऱ्या हाताच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा ओळखत नाही. अकोल्याच्या डोंगरवाड्यांत अडचण हाताची नसते, रेंजची असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि नमुना बारा भरण्याचे काम तलाठ्याकडून शेतकऱ्याच्या मोबाइलकडे आले. तलाठी बांधावर न येताच पेरा लिहितो, ही तक्रार जुनीच होती. तिच्यावर उपाय म्हणून आता शेतकऱ्यानेच बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याचा पेरा शेजाऱ्याचा किंवा भाच्याचा फोन लावतो. हात पुन्हा दुसऱ्याचाच, पण चालून जाते.

सेवांच्या बाबतीत हा उसना हात चालून जातो, कारण चूक दिसते आणि दुरुस्त होते. उमेदवारीच्या बाबतीत तो कुठवर चालतो, याची परीक्षा डिसेंबर २०२० मध्ये झाली.

राज्य निवडणूक आयोगाने १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर केल्या. त्यांपैकी ७६७ एकट्या अहमदनगर जिल्ह्यात. मतदान १५ जानेवारी २०२१. अर्ज भरण्याचे दिवस २३ ते ३० डिसेंबर, त्यातही नाताळ आणि शनिवार-रविवारची सुट्टी. अर्ज संकेतस्थळावर भरायचा, त्याची छापील प्रत सही करून तहसिलात द्यायची. गावकीचा रिवाज असा की पॅनेलची बोलणी शेवटच्या घटकेपर्यंत चालतात, त्यामुळे साऱ्या राज्याचे इच्छुक शेवटच्या दोन-तीन दिवसांत एकाच सर्व्हरवर येऊन आदळले. तो कोलमडला. नेट कॅफेंत आणि सेवा केंद्रांत लोक रात्रभर बसून राहिले.

कर्जमाफीची मुदत वाढवता येते. निवडणुकीत छाननी, माघार, चिन्हवाटप, मतदान हे सारे दिवस एकमेकांत गुंतलेले असतात. एक हलवला की सगळे हलतात. अखेर आयोगाने पारंपरिक पद्धतीने, म्हणजे हाताने भरलेले अर्ज स्वीकारण्याची मुभा दिली आणि ३० डिसेंबरची वेळ सायंकाळी साडेपाचपर्यंत वाढवली. अखेरच्या दिवशी लोकशाहीचे दार कागद आणि शाईने उघडे ठेवले. हा निर्णय झाला नसता तर कित्येक गावांत कोण उभे राहणार हे एका संगणकाने ठरवले असते, आणि ती चूक फेरफाराने मागे घेता आली नसती.

त्या निवडणुकीत नगर तालुक्यातील हिवरे बाजारमध्ये सुमारे तीन दशकांनी प्रथमच मतदान झाले. तोवर तिथे बिनविरोधाची परंपरा होती. एरवी सारे निर्णय ग्रामसभेत उघडपणे, हात वर करून घेणाऱ्या या आदर्श गावातही लढत झाली तेव्हा माणसे एकेकटी आडोशामागे गेली. हा आडोसा म्हणजे खरोखर पुठ्ठ्याचा एक खोका. त्याचे मोल मात्र मोठे आहे.

मत आणि सातबारा यांतला भेद इथे येतो. सातबाऱ्याला नाव असते, मताला ते असून चालत नाही. मतपेटीत पडताक्षणी मत मतदारापासून सुटले पाहिजे, नाहीतर ते विकत घेणाऱ्याला आणि धाक घालणाऱ्याला पुरावा मिळतो. पण एकदा ते सुटले की चूक दुरुस्त करण्याची वाटही बंद होते. ‘माझे मत चुकीचे नोंदले गेले’ अशी हरकत चावडीवर घेता येत नाही, कारण माझे मत कोणते हेच कोणाला ठाऊक नसावे असा नियम आहे. म्हणून बँकेचे व्यवहार मोबाइलवर होतात, मग मतदान का नाही, हा नेहमीचा प्रश्न फसवा आहे. बँक प्रत्येक व्यवहारावर तुमचे नाव लिहून ठेवते.

पहिल्या निवडणुकीच्या आखणीत हे भान होते. निरक्षर मतदारासाठी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी ठेवली. मतपत्रिकेवर काही लिहायचे नव्हते, हव्या त्या पेटीत टाकायची एवढेच. या मतपत्रिका नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या. वाचता न येणाऱ्यालाही कोणाच्या हाताची गरज पडू नये, हा त्यामागचा विचार. दप्तराच्या साऱ्या इतिहासात रयतेला जे कधी मिळाले नव्हते ते मतदानाच्या खोलीत मिळाले. १९८२ मध्ये केरळातील परवूर येथे प्रथम वापरलेले आणि २००४ पासून सर्वत्र आलेले मतदान यंत्रही कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते. त्याविषयीचे वाद वेगळे आणि चालूच आहेत. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने २००९ मध्ये आपल्याकडील मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवताना एक कसोटी घातली : निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. चावडीवाचनाची कसोटी हीच होती.

ऑनलाइन मतदानाचा दाखला म्हणून एस्टोनियाचे नाव घेतले जाते. २००५ पासून तिथे इंटरनेटवर मत देता येते, आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते तशी आली. पण तिथली एक तरतूद क्वचितच सांगितली जाते. मतदार ऑनलाइन मत कितीही वेळा बदलू शकतो, शेवटचे धरले जाते, आणि केंद्रावर जाऊन कागदी मत दिले तर ऑनलाइन मत रद्द होते. घरात कोणी पाठीशी उभे राहून मत द्यायला लावले, तर मागाहून गुपचूप ते फिरवता यावे म्हणून. त्यासाठी मतदाराकडे स्वतःचे ओळखपत्र, स्वतःचे यंत्र आणि एकांत हवा. भारतातही प्रयोग झाले : २०१० मध्ये गुजरातच्या महानगरपालिकांत, जून २०२५ मध्ये बिहारच्या नगरपालिकांत मोबाइलवरून. नगर जिल्ह्यातल्या एका मोबाइलवर चाललेल्या घरात, भावकीच्या निवडणुकीत, सुनेला तो एकांत कुठून मिळावा?

आणि जिच्याकडे फोनही नाही ती कोठे जाईल? सेवा केंद्रात. इथे निवडणूक नियमांतली एक छोटी तरतूद पाहण्याजोगी आहे. अंध किंवा अपंग मतदाराला बटण दाबता येत नसेल तर सोबती नेता येतो. त्या सोबत्याला गुप्तता पाळण्याचे प्रतिज्ञापन द्यावे लागते, आणि एका दिवसात तो एकाहून अधिक मतदारांचा सोबती होऊ शकत नाही. कायद्याने उसन्या हाताला घातलेली मर्यादा एवढी कडक आहे : एक दिवस, एक माणूस. केंद्रचालक दिवसाला शंभरांचा हात होतो.

तरीही एक दार किलकिले झाले आहे, आणि नगरला ते जवळचे आहे. हे लष्कराचे शहर. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे आहे आणि जिल्ह्यातील अनेक घरांतले कोणी ना कोणी सीमेवर असते. पूर्वी सैनिकाची मतपत्रिका टपालाने जाई आणि पुष्कळदा मतमोजणी उलटून गेल्यावर परत येई. २०१६ मध्ये नियम बदलले. लोकसभा-विधानसभेसाठी सैनिकाची कोरी मतपत्रिका आता इलेक्ट्रॉनिक मार्गाने त्याच्या तुकडीकडे जाते. तिथे ती छापली जाते. तो तिच्यावर खूण करतो, पाकिटात घालतो, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालतो आणि टपालात टाकतो. मतमोजणीच्या सकाळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर बाहेरच्या पाकिटावरचा क्यूआर कोड तपासतात, आतले प्रतिज्ञापन पाहतात, आणि मगच मतपत्रिकेचे बंद पाकीट उघडून ती नाव नसलेल्या इतर मतपत्रिकांत मिसळतात. कोरा कागद ऑनलाइन जातो. खूण केलेला कागद अजून टपालानेच येतो.